दाखवलेली वाट, धरलेली वाट



या व्यासपीठावर आजवर साहित्य, इतिहास, शेती, कायदा असे विषय होत आले. यंदा सॉफ्टवेअरवर बोला असं संयोजकांनी सुचवलं आणि वर बजावलंही, की समोर बसलेल्यांतले निम्मेअधिक लोक प्रोग्रॅमर नसतील, त्यांना डोक्यावरून जाईल असं काही नको. अट रास्त आहे. विषय मात्र मी मुद्दाम अरुंद घेतला. कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलायला हल्ली कुणीही मिळतं. मला बोलायचं आहे ते एका जुन्या, रुक्ष आणि रोजच्या प्रश्नाबद्दल. एखाद्या लायब्ररीचा कर्ता सांगतो की अमुक वाटेने या, ती टिकेल. डेव्हलपर भलत्याच वाटेने आत शिरतात. त्यांना दाखवलेल्या वाटेवर आणायचं कसं?

आधी दोन शब्द समजून घेऊ. प्रोग्रॅम लिहिणारा सगळंच्या सगळं स्वतः लिहीत नाही. तारखांचे हिशेब, फाइल वाचणं, मजकुराचं कूटलेखन ही कामं कुणीतरी आधी करून ठेवलेली असतात. त्या तयार कोडच्या संचाला लायब्ररी म्हणतात. लायब्ररी जिथून वापरायची त्या बाहेरच्या भागाला एपीआय म्हणतात. एपीआय हे वचन असतं: ही नावं, ही माहिती द्यायची रीत, हे मिळणारं उत्तर बदलणार नाही. आतलं काम कसं चालतं याबद्दल वचन नसतं, ते उद्या बदलू शकतं. कुठला भाग आत लपवायचा याचा निकष डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली एका छोट्या लेखात मांडला. जो निर्णय बदलण्याची शक्यता आहे तो एकेका भागाच्या आत ठेवा, म्हणजे बदल झाला तरी बाकीच्यांना त्याची झळ लागणार नाही. पन्नास वर्षं हे वर्गावर्गांत शिकवलं जातंय. परीक्षेत सगळे बरोबर लिहितात.

आता जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेकडे येते, कारण या प्रश्नाची इतकी लांबलचक आणि इतकी नीट नोंदलेली गोष्ट दुसरीकडे सापडत नाही.

सन मायक्रोसिस्टम्सने जावाची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६मध्ये काढली. तिच्यातल्या कोडची विभागणी नावांवरून कळायची. ‘जावा’ने सुरू होणारी पॅकेजेस, म्हणजे कोडचे कप्पे, सर्वांसाठी, वचनात बसणारी. ‘सन’ने सुरू होणारी पॅकेजेस कंपनीच्या आतल्या वापरासाठी. ती वापरू नका, का वापरू नका, याचं स्वतंत्र टिपणही सनने प्रसिद्ध केलं होतं. पण बंदी होती ती एवढीच. दार उघडं होतं आणि दारावर पाटी होती.

मुंबईच्या लोकलने प्रवास केलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. रूळ ओलांडणं कायद्याने गुन्हा आहे असं फलाटावरचा कर्णा दिवसभर सांगतो आणि त्या आवाजाखालूनच माणसं रूळ ओलांडतात. ती सगळी बेफिकीर असतात असं नाही. पूल फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला असतो, त्यावर चेंगराचेंगरी असते आणि गाडी समोर उभी असते. रुळांवरची गर्दी कमी होते ती जिथे लोकांना उतरायचंय तिथे पूल बांधला आणि मग दोन रुळांच्या मधे कुंपण घातलं म्हणजे. क्रमही हाच लागतो. पूल नसताना कुंपण घातलं तर आठवड्यात त्याच्या जाळीला भोक पडतं.

जावात पूल कुठे नव्हता? बेस६४चं उदाहरण घ्या. चित्र किंवा जोडपत्र ई-मेलमधून पाठवायचं तर ते साध्या अक्षरांत बदलावं लागतं. तीन बाइट घ्यायचे, त्यांची चार अक्षरं करायची. इतकं साधं काम. संकेतस्थळावर नाव आणि पासवर्ड पाठवण्याच्या सर्वांत जुन्या पद्धतीतही तेच लागतं. म्हणजे इंटरनेटसाठी म्हणून गाजवलेल्या भाषेत ते पहिल्या दिवसापासून हवं होतं. सनच्या लोकांनाही ते लागत होतंच, म्हणून त्यांनी स्वतःपुरतं लिहिलं आणि ‘सन डॉट मिस्क’ नावाच्या पॅकेजात ठेवलं. नाव बेस६४एन्कोडर. सर्वांसाठीच्या भागात मात्र ते नव्हतं. २००६च्या जावा ६मध्ये ते एक्सएमएलच्या एका अडगळीच्या वर्गात, म्हणजे कोडच्या एका घटकात, आलं, तिथे शोधायला कोण जाणार? सरळ, स्वतःच्या नावाचं बेस६४ आलं ते मार्च २०१४मध्ये, जावा ८बरोबर. अठरा वर्षं! या अठरा वर्षांत जगभरच्या प्रोग्रॅमरांनी आतलं बेस६४एन्कोडर वापरलं. नंतरच्या आवृत्त्यांत कोड संकलित करताना जावाचा कंपायलर दर वेळी सूचना द्यायचा, की हा आतला मालकीचा भाग आहे, पुढच्या आवृत्तीत काढला जाऊ शकतो. ती सूचना बंद करायची सोयही सहजी नव्हती. पण लोकांनी तिच्याकडे बघायचंच सोडून दिलं. रोज दिसणारी आणि जिच्यानंतर काही घडत नाही अशी सूचना माणसाला दिसेनाशी होते.

या अठरा वर्षांचा दोष मी वापरणाऱ्यांच्या माथी मारणार नाही. आतल्या वाटेवर वर्दळ वाढली तर लायब्ररीच्या कर्त्याने पहिला प्रश्न स्वतःला विचारावा: आपण काय द्यायचं राहिलं? ती वर्दळ म्हणजे लोकांनी न लिहिता दिलेला मागणीअर्जच असतो.

पण सगळी प्रकरणं बेस६४इतकी निरागस नसतात. त्याच पॅकेजात ‘अनसेफ’ नावाचा एक वर्ग होता. नावातच धोका सांगितलेला. जावाचा मोठा गुण असा की ती प्रोग्रॅमरला थेट मेमरीला हात लावू देत नाही. सी भाषेत एका चुकीच्या पत्त्यावर लिहिलं की अख्खा प्रोग्रॅम कोसळतो, जावात तसं होत नाही. अनसेफ ही त्या नियमातली पळवाट होती, जावा बांधणाऱ्यांनी स्वतःसाठी ठेवलेली. तिच्यातून कच्ची मेमरी मागता येते, कन्स्ट्रक्टर (वस्तूची सुरुवातीची जुळणी करणारा कोड) न चालवता वस्तू तयार करता येते, एखादं मूल्य दुसऱ्या कुणी मधेच बदललेलं नसेल तरच बदल असं प्रोसेसरला थेट सांगता येतं.

आणि तिला कुलूप होतं. ‘गेटअनसेफ’ हे फंक्शन आधी बघायचं की हाक कोण मारतंय. जावाच्या स्वतःच्या कोडकडून आली असेल तर वस्तू द्यायची, बाहेरून आली असेल तर सुरक्षा-अपवाद, म्हणजे काम अडवणारी त्रुटी, फेकायचा. मग लोकांनी काय केलं? अनसेफची वस्तू वर्गाच्या आत ‘दअनसेफ’ नावाच्या खाजगी फील्डमध्ये ठेवलेली असायची. जावातच रिफ्लेक्शन नावाची सोय आहे, तिच्याने चालू प्रोग्रॅम दुसऱ्या वर्गाचं अंतरंग वाचू शकतो. ते फील्ड नावाने शोधायचं, ‘सेटअॅक्सेसिबल’ला खरं म्हणून सांगायचं, मूल्य काढून घ्यायचं. तीन ओळी. दाराला कुलूप आणि किल्ली पायपुसण्याखाली. या तीन ओळी नेटीत होत्या, कॅसँड्रात होत्या, स्पार्कमध्ये होत्या, हेझलकास्टमध्ये होत्या. म्हणजे बँकांचे व्यवहार, मोबाइल कंपन्यांचे हिशेब, मोठमोठ्या डेटाबेसची कामं ज्यांच्यावर चालतात त्या लायब्ररींमध्ये.

त्या लिहिणारी मंडळी अडाणी नव्हती. जावाचा साधा बफर दोन गिगाबाइटच्या पुढे जात नव्हता, कारण त्यातली जागा पूर्णांकाने मोजली जाते आणि त्या पूर्णांकाची मर्यादाच सुमारे दोन अब्ज आहे. शेकडो गिगाबाइट डेटा जावाच्या नेहमीच्या मेमरीत ठेवला तर कचरा गोळा करणारी यंत्रणा मधेच सगळं काम थांबवायची. त्यांना वेग हवा होता आणि दाखवलेल्या वाटेने तो मिळत नव्हता. त्यांनी जाणूनबुजून निवड केली. इथे माझी त्यांच्याशी तक्रार सुरू होते, पण वेगळ्या कारणासाठी. निवड त्यांनी केली आणि बिल दुसऱ्याच्या नावावर फाडलं गेलं.

ते कसं, ते बघा. जावा ९ सप्टेंबर २०१७मध्ये आली. तिच्याबरोबर मॉड्यूल-व्यवस्था आली, म्हणजे खरोखरचं कुंपण. आतलं पॅकेज आता भाषेच्या पातळीवरच बाहेरून बंद करता येणार होतं. तत्पूर्वी २०१५ साली अनसेफ जाणार या बातमीवर मोठा गदारोळ झाला होता. त्यातून निघालेला तोडगा मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. आतल्या भागांची दोन गटांत वाटणी केली गेली. ज्यांना बाहेर पर्याय आहे ते बंद. बेस६४एन्कोडर गेलं, कारण पर्याय येऊन तीन वर्षं झाली होती. ज्यांना पर्याय नाही ते तात्पुरते खुले, एका वेगळ्या मॉड्यूलमध्ये, ज्याच्या नावातच ‘अनसपोर्टेड’ आहे. आणि पर्याय तयार झाला की तेही पुढे बंद. रिफ्लेक्शनने आत शिरणाऱ्यांना ९व्या आवृत्तीत अडवलं नाही. पहिल्यांदा घुसलात की एकदा इशारा छापायचा आणि जाऊ द्यायचं. मार्च २०२१मध्ये, जावा १६ला, न सांगता मिळणारी ही मुभा संपली. सप्टेंबर २०२१मध्ये, जावा १७ला, ती सरसकट परत सुरू करण्याचा पर्यायही गेला.

आता पुण्याकडे या. हिंजवडीत आणि खराडीत कितीतरी टीमचं काम हेच असतं की परदेशातल्या एखाद्या बँकेची किंवा विमा कंपनीची जुनी जावा ८वरची प्रणाली १७वर न्यायची. अशा टीममधली मुलगी सकाळी प्रणाली सुरू करते आणि पडद्यावर अपवादांची रांग उतरते. तिने आयुष्यात अनसेफला हात लावलेला नसतो. तिच्या टीममध्येही कुणी लावलेला नसतो. त्यांनी एक लायब्ररी घेतली, त्या लायब्ररीने दुसरी घेतली, त्या दुसरीच्या पोटात चौथ्या पायरीवर कुणीतरी दहा वर्षांपूर्वी जावाच्या आतल्या खाजगी फील्डला हात घातलेला असतो. ज्याने हात घातला तो कदाचित आता ते कामही करत नसेल. मग ही मुलगी शोधाशोध करते आणि सुरुवातीच्या आज्ञेत एकेक ओळ घालते, ‘अॅड-ओपन्स’, अमुक मॉड्यूलचं तमुक पॅकेज उघड. एक घातली की पुढचा अपवाद येतो. शेवटी वीस-पंचवीस ओळींची ती आज्ञा एखाद्या मंत्रासारखी प्रकल्पातून प्रकल्पात चिकटवली जाते.

या ओळींना लोक शिव्या घालतात. माझं मत उलटं आहे. पहिल्यांदाच बिल योग्य माणसाच्या टेबलावर आलं. आधी लायब्ररीचा लेखक कुणालाही न विचारता आत शिरायचा आणि प्रणाली चालवणाऱ्याला पत्ताच नसायचा. आता आत शिरायला परवानगी लागते आणि ती द्यायचा अधिकार लायब्ररीकडे नाही, प्रणाली चालवणाऱ्याकडे आहे. परवानगी लिहून द्यावी लागते. त्या वीस-पंचवीस ओळी म्हणजे आपण कुठेकुठे वचनाबाहेरच्या जमिनीवर उभे आहोत याची यादी आहे. ती त्रासदायक आहे खरी, पण ती आधीही अस्तित्वात होती, फक्त कुणाला वाचता येत नव्हती.

यादी आगाऊ वाचायचीही सोय होती. जावा ८बरोबर ‘जेडेप्स’ नावाचं छोटं साधन आलं. त्याला तयार प्रोग्रॅम दिला की तो कुठे आतल्या भागांवर टेकला आहे ते छापतं. डाव्या बाजूला आतल्या वर्गाचं नाव आणि उजव्या बाजूला त्याऐवजी काय वापरायचं: बेस६४एन्कोडरपुढे ‘जावा डॉट युटिल डॉट बेस६४ वापरा, १.८पासून उपलब्ध’. कंपायलरची ती जुनी सूचना आणि ही ओळ शेजारी ठेवून बघा. पहिली म्हणते, हे करू नका. दुसरी सांगते, याऐवजी हे करा आणि ते अमुक आवृत्तीपासून आहे. शिवाय मूळ कोड हाताशी नसला, नुसती तयार फाइल असली तरी दुसरी मिळते. म्हणजे बिल ज्याला भरायचंय त्याच्यापर्यंत ती पोचते.

हीच गोष्ट रिअॅक्टवाल्यांना नावातून उमगली. रिअॅक्ट ही फेसबुकने काढलेली, संकेतस्थळाचा दर्शनी भाग बांधायची लायब्ररी. तिच्या आतल्या भागाला त्यांनी वर्षानुवर्षं ‘सिक्रेट इंटर्नल्स डू नॉट यूज ऑर यू विल बी फायर्ड’ असं नाव दिलं होतं. गुप्त आहे, वापरू नका, नाहीतर नोकरी जाईल! प्रोग्रॅमरांना हा विनोद इतका आवडला की ते नाव कुतूहलाचा विषय झालं आणि काही लायब्ररींनी ते खुशाल वापरलंही. नोकरी कुणाची जाणार होती? लायब्ररीच्या लेखकाचा मालक फेसबुक नव्हे. डिसेंबर २०२४च्या रिअॅक्ट १९मध्ये नाव बदललं. नव्या नावाचा अर्थ असा: वापरू नका, किंवा तुमच्या वापरकर्त्यांना सांगून ठेवा की त्यांना पुढच्या आवृत्तीवर जाता येणार नाही. धमकी गेली, हिशेब आला, आणि हिशेबात तिसऱ्या माणसाचा उल्लेख आला.

तिसऱ्याच माणसाला बिल भरायला लावणारं एक प्रकरण आपण मराठी लोकांनी स्वतः भोगलं आहे. भारतीय मानक ब्युरोने इस्की हे भारतीय लिप्यांच्या संकेतांचं मानक १९९१ साली प्रसिद्ध केलं. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षाची, देवनागरीसकट. म्हणजे ‘क’ हे अक्षर कोणत्या आकड्याने साठवायचं याचं टिकाऊ उत्तर कागदावर होतं. पण छापखान्यांत आणि वर्तमानपत्रांत चालायचं पेजमेकर, आणि त्या काळच्या पेजमेकरला जोडाक्षरं जुळवता येत नव्हती. त्याला आकड्याला एक चित्र एवढंच समजायचं. मग श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फाँटांनी अर्धा क, काना, वेलांटी यांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांवर आपापल्या सोयीने बसवली. टंकणारा ‘क’ टंकत नव्हता, फाँटच्या पोटातले तुकडे टंकत होता. पडद्यावर मराठी दिसायची म्हणून कुणाला फरक कळला नाही. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांचा लगदा, एका फाँटचा मजकूर दुसऱ्यात टाकला की तेच, आणि शोध म्हणाल तर शून्य. त्या काळातली किती पुस्तकं आणि अंक आजही फाँट-परिवर्तकातून गाळून, मग पुन्हा मुद्रितं तपासून वाचवावे लागतात हे प्रकाशनात काम करणाऱ्यांना विचारा. त्या टंकणाऱ्यांना शिस्त नव्हती असं म्हणणं अन्यायाचं होईल. मानक होतं, पण त्या मानकाने पान लावता येत नव्हतं.

इथवर मी जे बोलले त्यात आतलं आणि बाहेरचं यातली रेषा स्पष्ट होती. खरी गंमत जिथे ती रेषाच नाही तिथे आहे. गूगलमध्ये काम केलेले हायरम राइट यांच्या नावाने एक नियम प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा, की वापरणारे पुरेसे वाढले की वचनात काय आहे याला महत्त्व उरत नाही. लायब्ररीचं जे जे वागणं बाहेरून दिसतं त्यावर कुणी ना कुणी टेकून बसतंच. उत्तर कोणत्या क्रमाने येतं, त्रुटीच्या संदेशात कोणते शब्द आहेत, काम किती वेळात होतं, सगळ्यावर.

सी भाषेत मेमरीचा एक तुकडा दुसरीकडे उतरवायला ‘मेमकॉपी’ आहे. दोन तुकडे एकमेकांवर चढलेले असतील तर ती वापरू नका, त्यासाठी ‘मेममूव्ह’ आहे, असं मानकात स्वच्छ लिहिलंय. पण लिनक्सवरच्या ग्लिबसी लायब्ररीत ती बहुतेक वेळा पुढून मागे उतरवायची आणि चढलेल्या तुकड्यांवरही निभावून न्यायची. २०१०मध्ये नव्या प्रोसेसरांसाठी वेगवान मेमकॉपी आली, काही वेळा मागून पुढे उतरवणारी. फेडोरा १४ घेतलेल्या लोकांच्या ६४ बिटी फ्लॅश प्लेयरमधून घरघर ऐकू येऊ लागली. चूक फ्लॅशची होती, यात शंका नाही. लिनस टॉरवाल्ड्स त्या वादात पडले आणि त्यांनी बाजू घेतली ती वापरणाऱ्याची: गाणं नीट वाजत होतं, आता वाजत नाही, दोष कुणाचा हा त्याचा प्रश्न नाही. २०११च्या ग्लिबसी २.१४ने यातून मार्ग काढला. तिने एकाच नावाच्या दोन मेमकॉपी ठेवल्या. आधी तयार झालेल्या प्रोग्रॅमांना जुन्या शिक्क्याची मिळते, जी आतून मेममूव्हच आहे. नव्याने तयार होणाऱ्यांना नव्या शिक्क्याची, वेगवान आणि मानकाला धरून. गेलेल्यांना माफी, येणाऱ्यांना नियम. अशा दुहेरी सांभाळण्याला किती कष्ट पडतात याची कल्पना बाहेरच्याला येत नाही, आणि त्या कष्टांचे पैसे सहसा कुणी देत नाही.

गो भाषेने उलटा डाव टाकला. नकाशा नावाच्या संरचनेतून नोंदी कोणत्या क्रमाने मिळतील याचं वचन नाही, एवढं लिहून तिचे कर्ते थांबले नाहीत. मार्च २०१२मध्ये गोची पहिली पक्की आवृत्ती आली तेव्हापासून तो क्रम मुद्दाम पिसला जातो. दर वेळी वेगळा. क्रमावर टेकणारा प्रोग्रॅम लिहिलात तर तो पाच वर्षांनी तिसऱ्या माणसाकडे कोसळत नाही, त्याच दिवशी तुमच्याच टेबलावर कोसळतो. मला हे फार आवडतं. थोडं छळवादी आहे, पण छळ योग्य माणसाचा आहे.

आता पायथन या भाषेबद्दल, कारण तिथे शिक्षेऐवजी बक्षिसाने वळवण्याचा प्रयत्न झाला. पायथनची पुष्कळशी वेगवान पॅकेजेस सीमध्ये लिहिलेली असतात आणि पायथनच्या पोटातल्या रचना त्यांना दिसतात. आवृत्ती बदलली की रचना बदलते आणि पॅकेज पुन्हा संकलित करावं लागतं. फेब्रुवारी २०११च्या पायथन ३.२मध्ये मार्टिन फॉन ल्यूविस यांच्या प्रस्तावावरून एक मर्यादित एपीआय आला. तेवढ्यातच राहाल तर एकदा तयार केलेली फाइल पुढच्या आवृत्त्यांवरही चालेल, असा करार. पायथनची नवी आवृत्ती हल्ली दर वर्षी येते. प्रत्येक आवृत्तीसाठी आणि प्रत्येक जातीच्या संगणकासाठी वेगळी फाइल तयार करणं ज्यांच्या जिवावर येतं, त्यांना हे आमिष पुरेसं होतं. ‘क्रिप्टोग्राफी’ हे फार वापरलं जाणारं पॅकेज याच वाटेने चालतं. २०२३च्या ३.१२मध्ये तिसराही वर्ग आला. ज्यांना आतलं लागतंच, उदाहरणार्थ डीबगर, म्हणजे चुका शोधायची साधनं, लिहिणारे, त्यांच्यासाठी ‘पायअनस्टेबल’ असं सुरुवातीलाच लिहिलेली फंक्शनं. ती दर वर्षीच्या आवृत्तीत बदलू शकतात, मधल्या दुरुस्त्यांत बदलत नाहीत. इतकं प्रामाणिक वचन मी क्वचित पाहिलं आहे. अर्ध्याच कालावधीचं आहे, पण कालावधी लिहून दिलेला आहे.

जावानेही पुढच्या काळात आधी पूल, मग कुंपण हे पथ्य पाळलं. अनसेफमधल्या मेमरी हाताळणाऱ्या फंक्शनांना निरोप द्यायची घोषणा झाली ती सप्टेंबर २०२४मध्ये, जावा २३ला. त्याआधी जावा ९मध्ये त्यांच्यातल्या काहींसाठी व्हारहँडल आलं होतं, आणि मार्च २०२४च्या जावा २२मध्ये परकीय मेमरीचा अधिकृत एपीआय पक्का झाला होता, दोन गिगाबाइटची मर्यादा नसलेला. मार्च २०२५च्या जावा २४पासून अनसेफची ती फंक्शनं चालवली की इशारा छापला जातो. कोड लिहिताना नव्हे, प्रणाली चालताना.

पण दाखवलेल्या वाटेवरून निमूट चालणाऱ्यांनाही ठेच लागते, हे सांगितल्याशिवाय थांबणं बरं नाही. ऑक्टोबर २०२४च्या पायथन ३.१३बरोबर एक प्रायोगिक बांधणी आली, जिच्यात अनेक धागे, म्हणजे एका प्रोग्रॅममधले कामाचे वेगवेगळे प्रवाह, खरोखर एकाच वेळी चालतात. पायथनची वर्षानुवर्षांची उणीव तिने भरून काढायला घेतली. तिच्यासाठी वस्तूंची आतली मांडणी बदलावी लागली, आणि त्या बांधणीवर मर्यादित एपीआय चालत नव्हता. म्हणजे ज्यांनी करार पाळला, एकच फाइल सगळीकडे चालेल या भरवशावर काम उभं केलं, त्यांनाच या बांधणीसाठी ती वाट सोडून वेगळी फाइल तयार करावी लागली. आतल्या रचनांवर थेट हात टाकणारे तर दर आवृत्तीला वेगळी फाइल करतच होते. त्यांची यादी एका ओळीने वाढली, इतकंच.